झाडीपट्टीच्या मांडवात डबल बेस : आणणं, उभं करणं, वाजतं ठेवणं

झाडीपट्टी म्हणजे पूर्व विदर्भाचा भाग. त्यातल्या गडचिरोली जिल्ह्यात वडसा-देसाईगंजच्या आसपास दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागतो तो होळीपर्यंत चालतो. मंडई (गावची जत्रा) असो की शंकरपट (बैलांची शर्यत), निमित्त कोणतंही असो, रात्रभर नाटक असतंच. साथीला पेटी किंवा ऑर्गन, तबला, ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड. खालचा सूर बहुतेक ठिकाणी कीबोर्डवाला डाव्या हातानं धरतो. तो सूर खऱ्या तारेवर वाजावा म्हणून मी आधी बेस गिटार घेतली आणि पुढे डबल बेस आणला, म्हणजे व्हायोलिनसारख्या घडणीचं, माणसाएवढं उंच, उभं ठेवून वाजवायचं वाद्य. आमच्या भागात या वाद्याचे सुटे भाग मिळत नाहीत आणि दुरुस्त करणारा कारागीरही नाही. गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळकडे कोणाच्या मनात हेच असेल तर कशानंतर काय करायचं, किती पैसे लागतात आणि काय बिघडू शकतं हे त्याला आधीच कळावं, म्हणून सगळं क्रमानं लिहितो.

जून २०२२ मध्ये नागपूरला सीताबर्डीत जुनी बेस गिटार बघायला गेलो. दुकानात दोन जातींच्या गिटारी होत्या : प्रिसिजन आणि जॅझ. दोन्हींचं मूळ फेंडर कंपनीचं, प्रिसिजन १९५१ ची आणि जॅझ १९६० ची. आता त्याच धर्तीवर कितीतरी कंपन्या बनवतात. मी प्रिसिजन घराण्यातली घेतली, आणि कारण आवाजाच्या आवडीइतकंच आपल्या विजेचं होतं. १९५७ पासून प्रिसिजनचा पिकअप, म्हणजे तारेची थरथर विजेत बदलणारा भाग, दोन तुकड्यांत येतो. त्या दोन गुंडाळ्या एकमेकींची घरघर मारतात. जॅझचे दोन्ही पिकअप पूर्ण उघडे असतील तर तिथेही घरघर दबते, पण एकच चालू ठेवला की ऐकू यायला लागते. मांडवातल्या वीजजोडणीत अर्थिंग मिळेलच याची खात्री नसते, म्हणून स्वतःची घरघर स्वतःच दाबणारा पिकअप बरा.

जुनी गिटार घेताना मी हे बघतो. खुंट्यांकडून डोळा लावून मान बघायची. थोडा बाक चालतो, पीळ चालत नाही. आतला लोखंडी गज, म्हणजे ट्रस रॉड, फिरतो का ते दुकानदारासमोरच बघायचं, कारण अडकलेल्या गजाची गिटार कितीही स्वस्त असली तरी महागच पडते. प्रत्येक पडद्यावर प्रत्येक तार वाजवायची. वरच्या जी तारेवर पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास एखादा सूर लवकर मरतो. लाकडी मानेच्या बऱ्याच गिटारींत हे असतं आणि ते दुरुस्त होत नाही, पण भाव करताना माहीत असावं. बटणं फिरवताना खरखर आली तर काळजी नको, कॉन्टॅक्ट क्लीनरच्या एका फवाऱ्यानं जाते. मला ही गिटार पंधरा हजारांच्या आत पडली.

घरी आणल्यावर पहिलं काम सेटअपचं. चार तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या वर असतो आणि मान त्या ओढीनं वाकते. पहिल्या पडद्यावर एक बोट आणि मान जिथे धडाला मिळते तिथे दुसरं बोट दाबून, सातव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांत किती फट राहते ते बघायचं. साधारण ०.३ मिलिमीटर पाहिजे, एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. जास्त असेल तर गज घड्याळाच्या दिशेनं पाव फेरा आवळायचा, पुन्हा सुरात लावायचं आणि दुसऱ्या दिवशी परत मोजायचं. एका बैठकीत पाव फेऱ्याच्या पुढे जाऊ नये. पाना बरोबर मापाचा हवा. ढिला पाना नटाचे कोपरे गोल करतो आणि मग तो नट कशानंच फिरत नाही.

त्यानंतर तारेची उंची. बाराव्या पडद्यावर जाड ई तार २.५ मिलिमीटर आणि बारीक जी तार २ मिलिमीटर, इथून सुरुवात करावी. जोरात छेडणाऱ्यानं अर्धा मिलिमीटर वर ठेवावी. शेवटी सुरांचा मेळ : बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर सारखा आला पाहिजे. दाबलेला सूर चढा येत असेल तर त्या तारेचा सॅडल, म्हणजे तिच्या खालच्या टोकाचा सरकता आधार, मागे घ्यायचा, उतरता असेल तर पुढे. जुन्या, मळलेल्या तारांवर हे काम करू नये. त्यांचा हार्मोनिकच खोटा असतो.

तारा म्हणजे आवाजातला सर्वात मोठा फरक, आणि त्या मानानं कमी पैशांत. दुकानातून येते ती राउंडवाउंड, म्हणजे गोल वेटोळ्याची. तिचा आवाज खणखणीत, बोट सरकलं की किरकिर. भजनात आणि नाट्यपदाच्या मागे ती किरकिर माइकवर फार उठून दिसते. मी चपट्या वेटोळ्याच्या फ्लॅटवाउंड तारा लावल्या, डॅडारिओच्या क्रोम्स, ४५ ते १०० मापाच्या. साडेतीन-चार हजार गेले, पण या तारा वर्षानुवर्षं टिकतात. त्यांचा ताण वेगळा असतो, म्हणून लावल्यावर फट पुन्हा मोजावी लागते. पैसे मोजकेच असतील तर आधी सेटअप करा, मग तारा बदला आणि अँपचा विचार सर्वात शेवटी करा. वाकड्या मानेची गिटार महागड्या अँपवर लावली तर तो वाकडेपणाच मोठा होऊन ऐकू येतो.

साथीला बसल्यावर पहिला अडथळा पट्टीचा. पुस्तकांत बेसचे धडे ई, ए, डी, जी या मोकळ्या तारांभोवती असतात, आणि आपले गायक गातात काळी एक, काळी दोन. काळी एकचा सा ए तारेवर चौथ्या पडद्यावर आणि मंद्र पंचम त्याच्याच शेजारी ई तारेवर चौथ्याच पडद्यावर. काळी दोनला हीच जोडी सहाव्या पडद्यावर सरकते. काळी तीनला सा ई तारेच्या दुसऱ्या पडद्यावर आणि पंचम ए तारेच्या चौथ्यावर. मोकळी तार कुठेच सा होत नाही, म्हणून मोकळ्या तारा हाताच्या तळव्यानं दाबून ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. दुसरी गोष्ट, जुन्या पेटीचे सूर ४४० हर्ट्झला असतीलच असं नाही. पेटीमास्तरांना पांढरी सहा दाबायला सांगायची, ट्यूनरचं कॅलिब्रेशन त्या सुराला जुळवायचं आणि मग आपल्या तारा लावायच्या. पेटी काही बदलणार नाही, आपण बदलायचं. ट्यूनर खुंट्यांपाशी चिमटा लावायचा घ्यावा, आणि जाड ई तार लावताना बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक वाजवावा. खालचा सूर ट्यूनरला लवकर कळत नाही.

आपल्या विजेची घरघर ५० हर्ट्झची आणि बेसवरचा खालचा जी म्हणजे ४९ हर्ट्झ. ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावर बोट ठेवलं आणि आवाज थरथरला, तर वाद्य बेसूर आहे असं समजू नका. तो सूर आणि घरघर एकमेकांवर आदळताहेत. वायरवाला ट्यूनरही अशा वेळी चकतो. याहून गंभीर म्हणजे, बेस गिटारच्या तारा आतून अर्थला जोडलेल्या असतात. मिक्सरच्या पेटीत वीज उतरली असेल तर ती तारांतून हातात येते, आणि त्याच वेळी ओठ माइकला लागला तर जिवावर बेततं. मी प्रत्येक गावात वाजवण्याआधी मिक्सरच्या पेटीला आणि तारेला टेस्टर लावतो. दिवा लागला तर मंडपवाल्या भाऊंना अर्थिंगची सळई ओल्या मातीत ठोकायला लावायची. ते होईपर्यंत वाद्याला हात लावायचा नाही, मग संयोजक कितीही घाई करोत.

वायरीचं गणित सरळ आहे. गिटारपासून निघणारी साधी वायर पाच-सहा मीटरच्या पुढे नेली की वरचा आवाज गळतो आणि घरघर शिरते. मिक्सर तर मांडवाच्या दुसऱ्या टोकाला, वीस-तीस मीटरवर. म्हणून शेजारी डीआय बॉक्स, म्हणजे वाद्याचा आवाज लांबच्या वायरीला जुळवून देणारी डबी, ठेवायचा आणि त्यातून तीन पिनांची बॅलन्स्ड वायर पुढे न्यायची. दोन-तीन हजारांचा पॅसिव्ह, म्हणजे विजेशिवाय चालणारा, डीआय बेस गिटारला पुरतो. त्यावर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, घरघर आली तर ते दाबून बघायचं. अॅक्टिव्ह डीआयला मिक्सरकडून ४८ व्होल्ट लागतात आणि गावातल्या लहान मिक्सरवर ते असतातच असं नाही, म्हणून बॅटरीवर चालणारा घ्यावा. बॅटरीवाली गिटार असेल तर वाजवून झाल्यावर पिन काढून ठेवा. पिन आत असेपर्यंत आतली ९ व्होल्टची बॅटरी खर्च होत राहते.

उघड्या मैदानात खालचा सूर का हरवतो, हे उमगलं तेव्हा माझे बरेच पैसे वाचले. मोकळी ई तार ४१ हर्ट्झची. मांडवातल्या बहुतेक बॉक्समधून ४१ हर्ट्झ धड निघतच नाही, आणि मैदानाला भिंती नसल्यामुळे निघालेला आवाज परत येत नाही. पण त्याच तारेतून ८२ आणि १२३ हर्ट्झचे उपसूरही निघतात. ते नीट पोचले तर कान मूळ सूर आपोआप जोडून घेतो. तरीही मिक्सरवाला दादा बेस म्हटलं की सर्वात खालचं बटण शेवटपर्यंत फिरवतो. स्पीकरचा कोन नुसता हलतो, ताकद वाया जाते आणि सूर कळत नाही. त्याला सांगायचं : ४० च्या खालचं काप, ८० ते १६० भरून दे, २५० च्या आसपास गढूळ वाटलं तर थोडं कमी कर, आणि बोटाचा ठोका कळायला ८०० ला किंचित उचल. तबल्याचा डग्गा आणि ढोलकीची धूम ८० ते १२० मध्येच असते. तिथे दोघं एकमेकांना झाकतात, म्हणून सम आली की बेसनं लांब सूर धरावा आणि ठोका डग्ग्याला द्यावा. मॉनिटरला गिटारचा अँप वापरत असाल तर आवाज अगदी हळू ठेवा, नाहीतर त्याचा कोन फाटतो.

डबल बेसचा शोध मार्च २०२४ मध्ये सुरू केला. नवा मागवायचा तर परदेशातून, म्हणजे वाद्याच्या किमतीइतकाच जीव जहाजभाडं, कस्टम्सची कागदपत्रं आणि करात जातो. जुन्याच्या मागे लागलो. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांमुळे मुंबईत हे वाद्य दशकानुदशकं वाजत आलं आहे, त्यामुळे तिथे अधूनमधून एखादं विकायला निघतं. पाच-सहा महिने वाट बघावी लागली.

या वाद्याचे दोन प्रकार. एकाचं तोंड (समोरची फळी) आणि पाठ स्प्रूस आणि मेपलच्या सलग लाकडातून कोरलेली, दुसऱ्याची प्लायची. कोरलेल्याचा आवाज जास्त खुला आणि धनुष्याला, म्हणजे ‘बो’ला, जास्त गोड, हे खरं. तरीही विदर्भातल्या घरात आणि टेम्पोतून गावोगाव फिरायला मी प्लायचाच घ्या म्हणेन. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत सलग लाकूड आकसून तडकतं, प्लायचे थर एकमेकांना धरून ठेवतात. आकार थ्री-क्वार्टर. नाव पाऊण असलं तरी मोठ्या माणसांचं नेहमीचं माप हेच : उंची सहा फुटांच्या आसपास, तारेची वाजती लांबी १०४ ते १०६ सेंटिमीटर.

बघायला जाताना टॉर्च आणि मोबाइल न्यावा. बोटाच्या पेरानं कडेकडेनं पूर्ण वाद्य ठोकत जायचं. जिथे आवाज पोकळ किंवा चरचरीत येतो तिथे सांधा सुटला आहे. मानेच्या टाचेला बारीक तडा आहे का बघायचं, कारण तो सर्वात महाग पडतो. घोडीच्या, म्हणजे ब्रिजच्या, जाड तारेकडच्या पायाखाली तोंड खचलं असेल तर आतली बास-बार, म्हणजे तोंडाला आतून चिकटवलेली लाकडी पट्टी, सुटलेली असू शकते. एफ आकाराच्या भोकातून मोबाइल आत धरून फोटो काढले की सगळं दिसतं. मला बऱ्या अवस्थेतला प्लायचा बेस सत्तर हजारांना मिळाला. तारा जुन्या होत्या, बो नव्हता.

सप्टेंबर २०२४ मध्ये तो रेल्वेनं आणला. मुंबईहून सुटणारी विदर्भ एक्सप्रेस गोंदियाला संपते, म्हणून मुद्दाम तीच निवडली. मधल्या स्टेशनावर गाडी थोडा वेळ थांबते आणि ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे सामानाच्या डब्यातून, सामान घाईघाईत ओढलं जातं, शेवटच्या स्टेशनावर सवडीनं उतरवता येतं. १०० बाय ६० बाय २५ सेंटिमीटरपेक्षा मोठं सामान डब्यात नेता येत नाही, ते ब्रेकव्हॅनमध्ये बुक करावं लागतं. आपलं तिकीट असेल तर ते लगेज म्हणून त्याच गाडीनं येतं. पार्सलपेक्षा थोडं महाग पडतं, पण सामान आणि माणूस बरोबर पोचतात. सोबत प्रवासाचं तिकीट, ओळखपत्राची झेरॉक्स आणि विकणाऱ्याची सही असलेली पावती ठेवली होती. पावतीवर ‘जुने वाद्य’ आणि किंमत स्पष्ट लिहून घ्यावी. फॉर्मवर मालकाच्या जोखमीवर की रेल्वेच्या जोखमीवर, असं विचारतात. रेल्वेच्या जोखमीवर पाठवायचं तर किंमत जाहीर करून जास्तीचा आकार भरावा लागतो. मी भरला आणि झोप लागली. गाडीच्या दोन-तीन तास आधी पोचावं. खोक्याच्या दोन्ही टोकांना नाव, कुठून, कुठे आणि फोन मोठ्या अक्षरांत लिहावं. उतरल्यावर वेळेत सोडवून घ्यावं, नाहीतर वॉर्फेज, म्हणजे सामान पडून राहिल्याचा आकार, लागतो.

खोकं तिथल्याच सुताराकडून प्लाय आणि पट्ट्यांचं करून घेतलं होतं, साधारण सहा हजारांत. आत गादीचा कापूस. बांधताना तारा एक-दीड सूर उतरवायच्या, पूर्ण सैल करायच्या नाहीत. घोडीचे पाय कुठे आहेत तिथे कागदी टेप लावून खूण करायची. पट्टी (तारा जिच्यावर बोटांनी दाबतात ती फळी) आणि तोंड यांच्यामध्ये, तसंच शेपटाखाली (तारांची खालची टोकं अडकवतात त्या तुकड्याखाली) फोमचे तुकडे घालायचे. खालची लोखंडी दांडी काढून वेगळी बांधायची. वाद्य कुशीवर झोपवायचं, घोडीवर कधीच नाही. गोंदियाहून छोटा हत्ती केला आणि अर्जुनी मोरगावमार्गे घरी आणलं.

खोकं उतरवताना आत काहीतरी खडखडलं आणि पोटात गोळा आला. ती ध्वनिकाठी होती, साउंडपोस्ट. बारीक तारेकडच्या घोडीच्या पायामागे, तोंड आणि पाठ यांच्यामध्ये उभी असलेली एक गोल काठी. ती चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावरच उभी राहते. धक्के बसले आणि ताण कमी असला की पडते. पडल्यानं वाद्य बिघडत नाही, पण काठी पडलेली असताना तारा ताणल्या तर बिघडतं. चार तारांचा ताण शंभर किलोच्या वर जातो आणि त्याचा मोठा भाग घोडीतून सरळ तोंडावर उतरतो. खाली आधार नसेल तर तोंड बसतं. म्हणून खडखड ऐकू आली की लगेच तारा आणखी सैल करायच्या, घोडी काढायची आणि वाद्य पाठीवर झोपवायचं.

आतली काठी किंचित आखूड होती, नवी लागणार होती. गावातले सुतारभाऊ म्हणाले, “सागाची देतो ना भाऊ, आलापल्लीचा साग हाये, तुमच्या पोराच्या पोरापर्यंत जाते.” आलापल्लीच्या सागाबद्दल ते बोलले त्यात काही खोटं नाही, पण इथे जड आणि टणक लाकूड चालत नाही. काठी स्प्रूसचीच लागते, हलकी आणि सरळ रेषांची, १८-१९ मिलिमीटर जाडीची. ती मुंबईहून कुरियरनं मागवली, दोनेक आठवडे गेले. भाऊंनी दुसरा प्रश्न विचारला तो फेविकॉलचा. काठी कशानंही चिकटवायची नाही.

बसवायचं काम सुतारभाऊ आणि मी मिळून केलं. दोन्ही टोकं तोंडाच्या आणि पाठीच्या आतल्या उताराला जुळतील अशी तिरपी तासायची, एका वेळी अगदी थोडी. काठीच्या रेषा तोंडाच्या रेषांना काटकोनात याव्यात, नाहीतर तिची धार तोंडात रुतते. लोहाराकडून सळई इंग्रजी एसच्या आकारात वाकवून घेतली, एक टोक टोकदार. त्या टोकावर काठी खोचून एफच्या भोकातून आत न्यायची. दांडीच्या भोकातून मोबाइलच्या उजेडात बघत ती उभी करायची. जागा : बारीक तारेकडच्या पायाच्या मागे, शेपटाच्या बाजूला, साधारण काठीच्या जाडीइतकं अंतर सोडून. ती हातानं सरकवून बसली पाहिजे, पण सैल नको. ठोकून बसवावी लागली तर ती लांब आहे, आणि लांब काठी तोंड वर उचलून फोडते. पुढे-मागे दोन-तीन मिलिमीटरनं आवाज बदलतो. घोडीच्या जवळ आणली की आवाज घट्ट आणि नेमका होतो, लांब नेली की मोकळा.

मग घोडी खुणेवर ठेवली. एफच्या आतल्या खाचांच्या रेषेत तिचे पाय येतात. चारही तारा आळीपाळीनं थोड्या थोड्या ताणायच्या आणि दर वेळी घोडी बघायची. तार ताणताना ती पट्टीकडे झुकत जाते. शेपटाकडची बाजू तोंडाला काटकोनात राहिली पाहिजे, म्हणून दोन्ही हातांनी वरची कड मागे ओढत राहायची. तारांची उंची पट्टीच्या टोकाशी मोजतात : बोटांनी वाजवायचं तर जी तार ६ ते ८ मिलिमीटर, ई तार ९ ते ११. घोडीच्या पायांत चाकाचे अॅडजस्टर बसवून घेतले तर उंची बदलणं हाताचं काम होतं. विदर्भातल्या ऋतूंसाठी तो खर्च मी आवश्यक मानतो.

तारा निवडताना थॉमास्टिकच्या स्पायरोकोरचं नाव सगळे घेतात. बोटांनी वाजवल्यावर सूर खूप वेळ टिकतो, पण ‘बो’ला त्या चटकन दाद देत नाहीत. मला दोन्ही लागणार होतं म्हणून डॅडारिओच्या हेलिकोर हायब्रिड घेतल्या, अठरा हजारांच्या आसपास. तारा एकेक करून बदलायच्या. चारही एकदम काढल्या की काठी परत खाली. बोच्या केसांना लावायची राळ बेसचीच लागते, व्हायोलिनची टणक राळ इतकी जाड तार धरत नाही. पण बेसची मऊ राळ मे महिन्यात डबीतून वाहते. डबी झाकण वर राहील अशी सपाट ठेवायची, झाकण घट्ट लावायचं आणि उन्हाळ्यापुरती जरा टणक प्रतीची राळ वापरायची.

हाताचं गणित बेस गिटारहून वेगळं. गिटारची तार ८६४ मिलिमीटर, तिथे ई ते एफ अंतर ४८ मिलिमीटर आहे. डबल बेसवर तेच ५९. पहिल्या बोटापासून करंगळीपर्यंत पूर्ण एक स्वर, म्हणजे जवळपास साडेअकरा सेंटिमीटर. म्हणून खालच्या भागात बोटं १-२-४ अशीच ठेवतात, तिसरं बोट करंगळीला टेकू देतं. सिमांडल यांची ही एकोणिसाव्या शतकातली पद्धत आजही शिकवतात. उजव्या हाताची तर्जनी आडवी ठेवून तिच्या कडेच्या मांसानं तार ओढायची, पट्टीच्या टोकापाशी. फोड येतात. फोड आला की त्या दिवशी थांबायचं, फुटलेल्या बोटावर टेप लावून वाजवलं की पुढचा पूर्ण आठवडा जातो.

जानेवारी २०२५ पासून मांडवात उभा केला. आमचे वादक रंगमंचासमोर खाली बसतात आणि सहा फुटांचं वाद्य तिथे उभं केलं तर मागच्या बायामाणसांना नाटक दिसत नाही. त्यामुळे मी विंगेजवळ उंच स्टुलावर बसतो. माइकवर भागत नाही, शेजारचा ऑक्टोपॅड त्यात शिरतो. पिझो पिकअप, म्हणजे लाकडाची थरथर थेट पकडणारा, लागतो. मी अॅडजस्टरच्या चाकाच्या जागी बसणारा फिशमनचा फुल सर्कल बसवला, वीस हजारांपर्यंत गेला.

पिझोची गोम अशी की तो सरळ मिक्सरच्या लाइनमध्ये लावला तर आवाज पत्र्यासारखा येतो. मिक्सरच्या लाइनचा इनपुट रोध दहा हजार ओहमच्या आसपास असतो आणि पिझोला किमान दहा लाख ओहम, म्हणजे एक मेगाओहम, लागतो. रोध कमी पडला की खालचे सूर वाद्यातच अडकतात, मग बेसचं बटण कितीही फिरवा. साधा पॅसिव्ह डीआयही इथे चालत नाही. मध्ये प्रीअँप, म्हणजे मिक्सरच्या आधी आवाज उचलून जुळवणारी डबी, लागतोच. एलआर बॅग्जच्या पॅरा डीआयचा इनपुट दहा मेगाओहमचा आहे, फेज उलटवायचं बटण आहे आणि एक ठराविक सूर शोधून कापायची सोय आहे. शिट्टीऐवजी घूं असा आवाज वाढत गेला तर आधी फेजचं बटण, मग बॉक्सपासून वाद्याचं तोंड फिरवणं, मग एफच्या भोकांत फोम, आणि तरीही राहिलं तर तो सूर कापणं, या क्रमानं जायचं. बॉक्स पाठीमागे असेल तर काहीच उपयोग होत नाही. गिटारसाठी सांगितलेलं ४० च्या खालचं कापणं इथे दुप्पट गरजेचं, कारण मंचावर कोणी पाय आपटला तरी तो धक्का वाद्यातून बॉक्सपर्यंत जातो.

पौष-माघात मध्यरात्रीनंतर दव पडतं. बोचे केस सैल होतात, थंडीनं तारा चढतात. पहिला अंक आणि तिसरा अंक यांच्यामध्ये सूर लावून घ्यावाच लागतो. मधल्या वेळात वाद्यावर जाड चादर टाकतो.

खरी कसोटी उन्हाळा. खोलीत तीन-चारशे रुपयांचा आर्द्रता मीटर ठेवा. ४० ते ६० टक्के असलं की वाद्य सुखात असतं. एप्रिल-मेच्या दुपारी माझ्या मीटरवर वीसच्या खाली जातं आणि कूलर लावला की सत्तरच्या वर. कोरड्या हवेपेक्षा हे वर-खाली होणं जास्त वाईट : रात्री लाइट गेली, कूलर बंद पडला, पहाटे परत आली. म्हणून वाद्य कूलरच्या खोलीत ठेवत नाही. घराच्या मधल्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब, पिशवीत, आणि पिशवीत भोकं पाडलेल्या डबीत ओला करून पिळलेला स्पंज. थेंब गळेल इतका ओला नको. सुक्या दिवसांत तोंड खाली बसतं, तारा पट्टीला लागून झणझणतात, तेव्हा अॅडजस्टर पाव-अर्धा फेरा वर. पावसाळ्यात तोंड फुगतं, तारा उंच होतात, तेव्हा खाली. उन्हात बंद गाडीत तर वाद्य कधीच ठेवू नये, सांध्यांचा डिंक मऊ पडतो.

मे २०२५ मध्ये खालच्या कडेचा एक सांधा वीतभर सुटला. हे वाद्य तसंच बनवलेलं असतं : ताण आला की सांधा सुटावा, लाकूड फाटू नये. म्हणून सांध्याला जुना सरसच वापरतात, जनावरांच्या कातडीचा. फेविकॉल लावला तर पुढच्या वेळी सांधा सुटत नाही, त्याऐवजी प्लायच फाटतो, आणि त्या जागी मग सरस धरतही नाही. सुतारभाऊंना सरस ठाऊक होता, त्यांच्या वडिलांच्या हातचं काम. खडे रात्रभर पाण्यात भिजवायचे, दुसऱ्या दिवशी पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून गरम करायचे, पण उकळू द्यायचे नाहीत, ६० अंशांच्या आसपासच. पातळ मधासारखा झाला की सांध्यात पातळ सुरीनं सरकवायचा, कोमट ओल्या फडक्यानं बाहेरचा पुसायचा आणि कापडाच्या घड्या ठेवून शिकंजे लावायचे. चोवीस तास हात लावायचा नाही. तारा अर्ध्या उतरवून ठेवल्या होत्या, त्यामुळे काठी जागेवर राहिली. हे काम पाऊस सुरू व्हायच्या आत करावं. हवेत ओल आली की सरस वाळायला फार वेळ घेतो, आणि ओल पिऊन फुगलेल्या कडा एकमेकींवर नीट बसत नाहीत.